घाबरलात तर आधी घड्याळ बघा

तो मंगळवारी सकाळी आला. बाहेरच्या बाकड्यावर नेहमीप्रमाणे गरोदर बायका नंबर लावून बसल्या होत्या, कारण त्यांची एचआयव्हीची चाचणी आमच्याच खोलीत होते. त्यांच्यात हा एकटा पोरगा. पाठीवर घरोघरी जेवण पोचवायची चौकोनी बॅग. आत येऊन खुर्चीवर बसला, पण बॅग काही उतरवली नाही. "ताई, ती टेस्ट करायचीय," म्हणाला. कुठली ते मी विचारलं नाही. "कधी झालं?" एवढंच विचारलं.

"गुरुवारी रात्री."

मी मनात तास मोजले. शंभराच्या वर गेले होते.

मधल्या दिवसांत त्याने काय केलं तेही त्याने सांगितलं. शुक्रवारी रात्रभर मोबाईलवर लक्षणं वाचली. शनिवारी स्टेशनबाहेरच्या पोस्टरवरचा नंबर फिरवला, एका माडीवरच्या दवाखान्यात गेला, साडेतीन हजार रुपये दिले. त्यांनी एक इंजेक्शन टोचलं आणि अंगातली गरमी काढायच्या पुड्या दिल्या. रविवारी झोपून राहिला. सोमवारी आमच्या फाटकापर्यंत येऊन परत गेला. रविवारी रात्रीच्या आत तो एखाद्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पोचला असता, तर त्याच्यासाठी एक खरं औषध होतं.

मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात मी 16 वर्षं समुपदेशक आहे. आमच्या खोलीचं कागदावरचं नाव एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, पण सगळे आयसीटीसी म्हणतात. इथे बसून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. पोरं बेफिकीर नसतात, घाबरलेली असतात, आणि घाबरून उशिरा येतात. म्हणून हे लिहिताना मी वेळेपासूनच सुरुवात करते.

पहिले 72 तास

कंडोम फाटला, निसटला, वापरलाच नाही, दुसऱ्याची सुई टोचून घेतली किंवा कोणी जबरदस्ती केली, तर त्या क्षणापासून 72 तासांच्या आत पीईपी नावाचं औषध सुरू करता येतं. विषाणू शरीरात शिरला तरी लगेच घर करत नाही, त्याला आपल्या प्रती काढून पसरायला थोडा वेळ लागतो. एचआयव्हीच्या उपचारातलीच ही औषधं त्या वेळात त्याची वाट अडवतात. 28 दिवस, एकही दिवस न चुकवता घ्यायची. 72 तास ही शेवटची मुदत आहे, सोयीची वेळ नव्हे. दोन तासांत सुरू केलं तर उत्तम, सकाळी झालं तर दुपारपर्यंत. उद्याची सुट्टी बघून ठरवू, असं करू नका.

रात्री ओपीडी बंद असते, तेव्हा कॅज्युअल्टीत जा. तिथे गर्दी असते, कोणी अपघाताचा आलेला असतो, तुमचा आवाज घशात अडकतो. म्हणून वाक्य आधीच पाठ करून जा: "काल रात्री कंडोम फाटला, मला पीईपीबद्दल डॉक्टरांशी बोलायचंय." एवढं पुरे. कोणाबरोबर, का, कुठे, हे खिडकीवर सांगायची गरज नाही. डॉक्टर काय झालं ते नीट ऐकतात, धोका किती आहे ते बघून ठरवतात आणि औषध सुरू करताना एचआयव्हीची चाचणीही करतात. काही कारणाने तिथे औषध मिळालं नाही, तर वाद घालण्यात तास घालवू नका. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते बाहेरही मिळतं. रात्र असो वा दिवस, काय करावं सुचत नसेल तर 1097 लावा. ही एचआयव्हीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

जबरदस्ती झाली असेल तर एक गोष्ट नक्की माहीत असू द्या. सरकारी असो की खासगी, रुग्णालयाने तुमच्यावर मोफत उपचार करायचे असतात, आणि आधी पोलीस चौकीत जाऊन या असं म्हणून कोणी तुम्हाला परत पाठवू शकत नाही. आधी उपचार. हे मुलींसाठी आहे आणि मुलांसाठीही. मुलगे याबद्दल फारच कमी बोलतात, आणि ते मला फार लागतं.

नंतरचे तीन महिने

त्या पोराला वाटत होतं, आज रक्त दिलं की आज गुरुवारचं कळेल. तसं होत नाही. आमच्याकडची चाचणी शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधते, आणि ती तयार व्हायला काही आठवडे जातात. पाचव्या दिवसाची चाचणी त्या गुरुवारच्या आधीचं सांगते, गुरुवारचं सांगत नाही. तरीही ती करावी, म्हणजे आपण कुठून सुरुवात केली ते कळतं. मग तीन महिन्यांनी पुन्हा. मधल्या काळात प्रत्येक वेळी कंडोम, आणि रक्तदान नाही. काही पोरं फुकटात चाचणी होईल म्हणून सोसायटीच्या रक्तदान शिबिरात जातात. तसं कधीच करू नका. तुमचं रक्त नुकतं लागण झालेलं असेल तर ते चाचणीत न सापडता दुसऱ्याला चढू शकतं.

लक्षणांवरून एचआयव्ही ओळखता येत नाही. दोन ते चार आठवड्यांत काहींना ताप, घसादुखी, पुरळ येतं, काहींना काहीच होत नाही. आणि मुंबईत पावसाळ्यात ताप कोणाला येत नाही? मोबाईलवर लक्षणं वाचत रात्र काढण्यापेक्षा कॅलेंडरवर तारखेला खूण करा.

आमच्या खोलीत काय होतं

चाचणीला पैसे लागत नाहीत. आधी मी बोलते, मग तुमची संमती घेते, मग थोडंसं रक्त. ते देऊन थोडा वेळ बाकड्यावर बसायचं. पॉझिटिव्ह हा शब्द आम्ही एका किटवरून उच्चारत नाही, तीन वेगवेगळ्या किटवर तपासून मगच सांगतो. रिपोर्ट तुमच्याच हातात. बाहेर नाव पुकारून "तुमचा अमुक आला" असं कोणी म्हणणार नाही. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी नाही, तुमची माहिती बाहेर फोडायची नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून, शाळेतून, भाड्याच्या घरातून काढायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. मोबाईल नंबर देताना घरचं कोणी उचलेल अशी धास्ती असेल तर मला तसं सांगा, मी कागदावर लिहून ठेवते.

वय 18 च्या आत असेल तर चाचणीला पालकांची संमती लागते, आणि लैंगिक संबंधाची गोष्ट निघाली तर कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवावी लागते. हे मी लपवत नाही, कारण पोरांनी विश्वासाने येऊन नंतर फसल्यासारखं वाटून घेऊ नये. आधी नुसतं विचारायचं असेल तर 1097 वर विचारा. पण खाली जखम असेल, दुखत असेल, कोणी त्रास देत असेल, तर घरातल्या किंवा शाळेतल्या ज्या एका माणसावर विश्वास आहे त्याला घेऊन या. आम्ही ओरडत नाही.

मुलग्यांशी संबंध असलेले मुलगे आमच्या खोलीत येऊन आधी "मित्रासाठी विचारतोय" म्हणतात. त्यांनी तसं म्हणायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 ला कलम 377 चा निकाल दिला, प्रौढांमधला संमतीचा संबंध गुन्हा राहिला नाही. मला संबंध कसा झाला हे विचारावं लागतं ते धोका मोजायला, कारण गुदमार्गातली त्वचा नाजूक असते आणि तिथून लागण व्हायची शक्यता जास्त असते. आमच्याशी बोलणं जड जात असेल तर 1994 पासून मुंबईत समलिंगी माणसांसाठी काम करणारी हमसफर ट्रस्ट आहे, तिथे आपली माणसं भेटतात.

कंडोम: माहीत आहे म्हणणाऱ्यांनी आधी वाचा

माझ्या टेबलावर लाकडी लिंग आहे. पहिल्यांदा बघणारा हसतो, मग मी पाकीट त्याच्या हातात देते आणि म्हणते, दाखव. दहातले सात जण पाकीट दाताने फाडतात. तिथेच चूक होते, दात आतल्या रबराला लागतो.

आधी तारीख बघा. मग पाकीट दोन बोटांत दाबा, आत हवेची उशी जाणवली पाहिजे. जाणवली नाही तर कुठेतरी भोक आहे, टाकून द्या. कंडोम एका बाजूला सरकवून दुसऱ्या कडेने हाताने फाडा. बाहेर काढला की गुंडाळीची कड वरच्या बाजूला आहे ना, ते बघा. उलटा लावला आणि उलगडेना, तर तोच फिरवून लावू नका, नवीन घ्या. टोकाची बोंडी चिमटीत धरून हवा काढा, आणि चिमटी न सोडता दुसऱ्या हाताने मुळापर्यंत उलगडा. ही चिमटी सगळ्यात जास्त विसरली जाते, आणि फाटण्याचं ते मोठं कारण आहे. काम झालं की लिंग ताठ असतानाच मुळाशी कडा धरून बाहेर या. गाठ मारा, कागदात गुंडाळा, कचऱ्याच्या डब्यात टाका. संडासात टाकलात तर चाळीतली सामायिक लाईन तुंबेल, आणि कोणाचं ते शोधायला पूर्ण मजला बाहेर येईल.

खोबरेल तेल नको, व्हॅसलीन नको, बॉडी लोशन नको. तेलाने रबर काही मिनिटांत कमकुवत होतं. ओलावा कमी असेल तर पाण्यावर आधारित जेली मेडिकलमध्ये मिळते. दोन कंडोम एकावर एक घालू नका, ते एकमेकांवर घासून फाटतात. आणि ते पैशाच्या पाकिटात ठेवू नका. विरार फास्टमध्ये मागच्या खिशातल्या पाकिटावर रोज तासभर माणसांचा भार असतो, त्यात मुंबईची उष्णता. सहा महिने पाकिटात राहिलेला कंडोम मी एका पोराला माझ्यासमोर उघडायला लावला होता. वेष्टनाची छपाई पुसून गेली होती आणि आतलं रबर कागदासारखं कोरडं झालं होतं. बॅगेच्या आतल्या कप्प्यात, पेन्सिलच्या डबीत, कुठेही सावलीत ठेवा. तोंडाने केलेल्या संबंधातही गरमी (सिफिलिस) आणि परमा (गोनोरिया) हे गुप्तरोग लागू शकतात, म्हणून तिथेही कंडोम.

विकत घ्यायची लाज वाटत असेल तर सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात, आमच्या दाराशीच डबा आहे, विचारावंही लागत नाही. निरोध, म्हणजे सरकारी कंडोम, 1968 पासून या देशात आहे. र. धों. कर्व्यांनी 1921 साली याच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि गुप्तरोगांबद्दल मराठीत उघडपणे लिहिलं. शंभर वर्षं झाली, आणि मेडिकलवाला अजून कंडोम काळ्या पिशवीत घालून देतो.

मुलींना एक सांगते. दुसऱ्या दिवशी घ्यायची गोळी फक्त गर्भ राहू नये म्हणून आहे, रोगाशी तिचा काही संबंध नाही. आणि "तो म्हणतो, माझ्यावर विश्वास नाही का?" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. त्यावर माझं उत्तर, "आपण दोघं एकदा टेस्ट करून घेऊ, मग बोलू." दोघं मिळून आलेल्या जोड्या मी पाहिल्यात. बाकड्यावर एकाच इअरफोनमधून गाणी ऐकत बसतात.

जखम दुखत नाही म्हणून

एचआयव्हीचं नाव मोठं, पण आमच्याकडे येणाऱ्या पोरांना जास्त करून दुसरंच काहीतरी झालेलं असतं. गरमी, म्हणजे सिफिलिस, साधारण तीन आठवड्यांनी एका न दुखणाऱ्या फोडाने दिसते. काही आठवड्यांत फोड आपोआप जातो. पोरगा म्हणतो, सुटलो. ती गेलेली नसते, रक्तात उतरलेली असते. पुढे तळहातावर, तळपायावर पुरळ येतं, आणि उपचार झाला नाही तर पुढे अनेक वर्षांनी मेंदू-हृदयापर्यंत जाते. सुरुवातीच्या काळात मात्र पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरी होते. तिच्यासाठी व्हीडीआरएल नावाची रक्ताची साधी चाचणी आहे, एचआयव्हीबरोबर तीही मागून घ्या. परमा, म्हणजे गोनोरिया, बहुधा आठवड्याच्या आत कळतो: लघवीला आग, पिवळा पू. क्लॅमिडिया नावाचा आणखी एक रोग तर मुलींमध्ये बहुतेक वेळा काहीच न दाखवता राहतो आणि पुढे मूल होण्यात अडचण आणतो.

कळव्याची एक मुलगी, 22 वर्षांची, चार महिने पांढरं जातंय म्हणून घरगुती उपाय करत होती. कॉलेजजवळच्या एका दवाखान्यात गेली तर पहिलाच प्रश्न आला, "लग्न झालंय?" ती तिथूनच परत फिरली. आमच्याकडे आली तेव्हा ओटीपोटात कळा येत होत्या. मी तिला त्वचा-गुप्तरोग विभागात स्वतः घेऊन गेले. सरकारी रुग्णालयांत त्यासाठी सुरक्षा क्लिनिक असतं. तिथे लक्षणांप्रमाणे वेगवेगळ्या रंगांच्या किटमधून औषध मोफत देतात. तिला औषध मिळालं, तिच्या मित्राला बोलावून त्यालाही दिलं. हे जोडीदाराचं औषध निम्मी माणसं टाळतात, आणि महिन्याभरात तोच रोग घेऊन परत येतात. दोघांचे कोर्स पुरे होऊन आठवडा जाईपर्यंत संबंध बंद. वास, खाज, आग, फोड, गाठ, ओटीपोटात दुखणं, यातलं काहीही असेल तर "लग्न झालंय का" या प्रश्नाला घाबरून घरी बसू नका. म्हणा, "मला तपासणी हवीय." डॉक्टरांनी तेवढ्यावर तपासलं पाहिजे.

मेडिकलवाल्याला विचारून दोन गोळ्या घेणं हाही उपाय नाही. अर्धवट औषधाने आग थांबते, जंतू राहतो, आणि परम्याचा जंतू औषधांना दाद देईनासा होत चालला आहे. लोकलच्या डब्यात आणि संडासाच्या भिंतींवर जी पोस्टरं असतात, त्यांच्याबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. ते धात जाण्याची भीती विकतात. झोपेत वीर्य जाणं हा रोग नाही. त्याला औषध लागत नाही.

बाकीचं थोडक्यात. हिपॅटायटिस बीची लस लहानपणी घेतली आहे का ते घरचं कार्ड बघून तपासा. नसेल तर सहा महिन्यांत तीन डोस. एचपीव्हीची लस गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरपासून वाचवते, मुलग्यांनाही देतात, आणि संबंध सुरू व्हायच्या आधी घेतली तर सर्वांत चांगली. ज्यांना वारंवार धोका असतो त्यांच्यासाठी प्रेप नावाची गोळी आहे, ती आधीपासून घ्यायची. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दर तीन महिन्यांनी चाचणी करून. ती एचआयव्हीपासून वाचवते, गरमीपासून नाही. गोंदवून घेताना सुई तुमच्यासमोर पाकिटातून नवीन काढली जाते का बघा. डास, संडास, लोकलची गर्दी, एकाच ताटात जेवणं, मिठी, यातून एचआयव्ही पसरत नाही.

आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर? तर त्याच दिवशी मी तुम्हाला एआरटी केंद्राकडे, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राकडे पाठवते. हे उपचार देशात 1 एप्रिल 2004 पासून मोफत आहेत, सुरुवातीच्या केंद्रांत आपलं जे. जे. रुग्णालय होतं. तेव्हा दिवसाला एकापेक्षा जास्त गोळ्या होत्या, आता बहुतेकांना एकच. ती रोज घेतली आणि रक्तातला विषाणू चाचणीत न दिसण्याइतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. ही आशा म्हणून सांगितलेली गोष्ट नाही, पुराव्याने सिद्ध झालेली आहे. माझ्याकडे आलेल्या मुलींची लग्नं झालीत, निगेटिव्ह बाळं झालीत, आणि त्यांतली एक बाळ दाखवायला दर दिवाळीत येते.

तो डिलिव्हरीवाला पोरगा तीन महिन्यांनी, दिलेल्या तारखेला आला. रिपोर्ट निगेटिव्ह. व्हीडीआरएलही ठीक. या वेळी बॅग त्याने खाली ठेवली होती. बाहेर बाकड्यावर त्याच्याच कंपनीचा टी-शर्ट घातलेला आणखी एक पोरगा बसला होता, नखं खात. "ताई, याला मी ओढून आणलंय," म्हणाला. "काल पहाटेचं आहे. 32 तास झालेत, मोजलेत मी."

त्याला मी रांगेतून आधी आत घेतलं.